सभ्यतेचे अकरा नियम

कबुतरं उडाली नाहीत.

फादर एलिजिओंनी पिंजऱ्याचं दार उघडलं, दोन्ही उमेदवारांनी हात पसरून आभाळाकडे पाहिलं, फोटोवाल्यांनी श्वास रोखला आणि दोन पांढऱ्या कबुतरांपैकी एक पिंजऱ्याच्या उंबऱ्यावरच बसून राहिलं. ती लग्नाच्या मांडववाल्याकडून आणलेली होती. आठवड्याला तीन लग्नं करून त्यांना शांततेचं काही अप्रूप उरलं नव्हतं. दुसरं कसंबसं फडफडलं आणि बास्केटबॉल कोर्टाच्या छपराखाली टांगलेल्या लाउडस्पीकरवर जाऊन बसलं. तिथून ते खाली जमलेल्या सांता रोमाना गावाकडे बघू लागलं.

"शकुन चांगला आहे," फादर म्हणाले.

"कोणाला?" मेडिंगने विचारलं.

फादरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गावात कुणीच अशा प्रश्नाला उत्तर देत नसे. इलोइलोच्या या किनाऱ्यावर माणसं भांडतात तीसुद्धा अंगाई म्हटल्यासारखी. परगावच्या माणसाला वाटावं, नवरा बायकोची समजूत काढतोय. प्रत्यक्षात तो तिला माहेरी जायला सांगत असतो.

मेडिंगचं बारशाचं नाव रेमेदिओस नुफाब्ले. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं शाळेत, त्यातली सतरा मुख्याध्यापिका म्हणून. आजच्या वादसभेची सूत्रसंचालक तीच, कारण गावात दुसरं तटस्थ माणूस सापडलं नव्हतं. आता मेयरकीचे दोन्ही उमेदवार नुफाब्ले, एक तिचा सख्खा भाऊ, सध्याचा मेयर डोमी आणि दुसरी तिने वाढवलेली भाची जोजो, तेव्हा ती तटस्थ कशी, हा प्रश्न फक्त तिलाच पडला होता.

"दोघंही तुमचीच, म्हणजे कुणीच तुमचं नाही," असं फादरांनी समजावलं होतं. धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे तिला ठाऊक होतं.

तिने मग आपल्या परीने तटस्थता कागदावर आणली. तीन रात्री बसून 'सभ्यतेचे अकरा नियम' लिहिले. अपशब्द नको. आवाज चढवणं नको. मध्येच तोंड घालणं नको. प्रतिस्पर्ध्याच्या शरीराच्या कोणत्याही अवयवाचा उल्लेख नको. हा पाचवा नियम मागच्या निवडणुकीतल्या एका टकलावरून आला होता. दुसरा नियम तिचा विशेष आवडता: वडीलधाऱ्यांचा मान राखावा. ज्याच्याकडून नियम मोडेल त्याच्यासाठी शाळेची पितळी घंटा वाजेल. तिसऱ्या घंटेला त्याचं समारोपाचं भाषण रद्द. चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर दोघांनी वेदीसमोर त्यावर सह्या केल्या होत्या. डोमीने न वाचता, जोजोने दोनदा वाचून.

"तिया," सही करताना जोजो आत्याला हळूच म्हणाली होती, "यात एक नियम राहिलाय."

"कुठला?"

"तुलाच कळेल."

चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेल्या बाईला असं कुणी म्हटलं की तिचा रक्तदाब वाढतो. मेडिंगचा वाढला.

सभा सुरू व्हायच्या आधी चोलेंग, म्हणजे डोमीची बायको, मंचापाशी येऊन गेली. हातात पंखा, पंख्यावर नवऱ्याचा हसरा चेहरा. मेयरच्या पक्षाने गावभर तसे दोन हजार पंखे वाटले होते, त्यामुळे अर्धं कोर्ट डोमीच्या चेहऱ्याने वारा घेत होतं.

"मानांग, दुपारी जेवायला पान्सित मोलो मी आणतेय हं. मोठं पातेलं," चोलेंग थोरल्या नणंदेला लडिवाळपणे म्हणाली. "आणि घंटा जरा ठणकावून वाजवा. पोरीची जीभ तुम्हाला माहीत आहेच. लाडावलेली."

"कोणी लाडावली?"

"मी कुठे काय म्हटलं!" आणि चोलेंग पंखा हलवत पहिल्या रांगेत जाऊन बसली.

जोजोचा बाप नेस्तोर, मेडिंगचा मधला भाऊ, तीस वर्षांपासून मालवाहू जहाजांवर आचारी होता. आई रियाधला नर्स. पोर सहा वर्षांची असताना मेडिंगच्या घरी आली ती आज चौतिसाव्या वर्षीही तिथेच. गावच्या आरोग्य खात्यात ती निरीक्षक होती. गेल्या पावसाळ्यात बुलुबाय वस्तीतली एकोणचाळीस मुलं एका आठवड्यात हगवणीने आजारी पडली, तेव्हा तिने अहवाल लिहिला. अहवाल मेयरच्या, म्हणजे तिच्या काकाच्या, तियो डोमीच्या टेबलावर गेला. डोमीने तिचं तोंड भरून कौतुक केलं, अक्षर किती सुंदर म्हणून. पुढे काही झालं नाही. जोजोने राजीनामा दिला आणि उमेदवारी अर्ज भरला. तेव्हापासून रविवारच्या जेवणाला घरात दोन टेबलं मांडावी लागत होती.

मेडिंगला हवं होतं ते इतकंच: आज संध्याकाळपर्यंत ही पोर आपल्याशी बोलत असावी, आणि गावाने म्हणू नये की म्हातारीने घरचं पाहिलं. दोन्ही एकाच वेळी व्हायची शक्यता कबुतर उडण्याइतकीच होती.

*

पहिली घंटा अकराव्या मिनिटाला वाजली.

जोजोने विचारलं होतं, "मेयरसाहेब, बुलुबायच्या पंपघराचं उद्घाटन तीन वर्षांपूर्वी झालं. फीत तुम्हीच कापलीत. तिथल्या नळाला शेवटचं पाणी कधी आलं?"

डोमी हसला. सत्तावन्न वर्षांच्या भावाचं ते हसणं मेडिंगला पाठ होतं. पाचव्या वर्षी साखरेचा डबा फुटला तेव्हा ते पहिल्यांदा वापरात आलं.

"किती चांगला प्रश्न विचारलास, इंडाय," तो लहान पोरीला हाक मारावी तशा मधाळ आवाजात म्हणाला. "बुलुबायच्या लोकांवर तुझं किती प्रेम आहे, हे यावरून दिसतं. माझंही आहे. पाणी म्हणजे जीवन. आणि जीवन म्हणजे काय, तर एकमेकांना समजून घेणं."

टाळ्या पडल्या. पंखे हलले.

"तारीख सांगा," जोजो म्हणाली.

"तारखा येतात आणि जातात, माझ्या बाळा."

"खोटारडे आहात तुम्ही."

मेडिंगने घंटा वाजवली. नियम एक, अपशब्द. वाजवताना तिच्या लक्षात आलं की आपण जोजोला एक शब्द उच्चारल्याबद्दल धरलं आणि डोमीने गेल्या दोन मिनिटांत तसा एकही शब्द उच्चारलेला नाही. त्याने मुळात काहीच उच्चारलं नव्हतं. याला कुठला नियम लावायचा म्हणून तिने कागद चाळला. अकराच्या अकरा वाचले. आणि तेव्हा तिला कळलं जोजो सकाळी काय म्हणाली होती ते.

'प्रश्नाला उत्तर द्यावं' असा नियमच नव्हता. तिला तो सुचलाच नव्हता. चाळीस वर्षं तिच्या वर्गात जे मूल प्रश्नाला उत्तर देत नसे ते नापास होत असे. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वर्गात नापास झालेली ती मुलं पुढे जाऊन काय करतात, याचा विचार तिने आधीच करायला हवा होता.

दुसरी घंटा विसाव्या मिनिटाला. मधल्या काळात जोजोने तोच प्रश्न सहा वेळा विचारला होता. डोमीने सहाही वेळा तिचे आभार मानले होते, एकदा तिच्या आजीची आठवण काढून डोळे पुसले होते आणि एकदा लहानपणी तिला खांद्यावर बसवून फिएस्ताच्या जत्रेतली मिरवणूक कशी दाखवली ते सांगितलं होतं.

"मुंग्या लागतील!" जोजो शेवटी ओरडली. "तुमच्या तोंडातून नुसता पाक गळतोय, तियो. सगळ्या गावाला मुंग्या लागतील. साखर खाऊन तहान भागत नाही!"

मागच्या रांगांत बुलुबायचे कोळी बसले होते, ते खदखदून हसले. मेडिंगलाही हसू आलं. ते तिने खोकल्यात घातलं आणि घंटा वाजवली. आवाज चढवणं, आणि तोंड हा अवयव. खरं तर दोन घंटा होत होत्या, एक तिने सोडून दिली. चोलेंगने लगेच पंख्यामागून दोन बोटं वर करून दाखवली.

फादर एलिजिओंच्या हातात चर्चचा फोन होता, त्यावरून सभा थेट दाखवली जात होती. ते मेडिंगकडे झुकले. "तुमच्या भावाचा संदेश आलाय, जहाजावरून."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, 'मानांग, दोघांच्याही डोक्यात घाल घंटा.'"

"त्याला म्हणावं, तू तुझा रस्सा ढवळ."

आणि नेमकं तेव्हा डोमीने ते केलं.

तो आपल्या स्टँडमागून पुढे आला. मंचाच्या मधोमध उभा राहिला. चेहऱ्यावर क्षमाशीलतेचं असं काही तेज आणलं, की फिएस्ताच्या मिरवणुकीत त्याला पालखीत बसवावं.

"इंडाय," तो म्हणाला, "रागाच्या भरात बोललीस. मी मनावर घेतलं नाही. ये." आणि त्याने उजवा हात पुढे केला, पालथा, बोटं सैल सोडून.

कोर्टभर 'आऽऽ' असा आवाज झाला. शंभर फोन वर गेले.

आता हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. वडीलधाऱ्याने असा हात पुढे केला की धाकट्याने यायचं, वाकायचं, तो हात कपाळाला लावायचा. त्यात कमीपणा नाही, रोजचंच आहे. पण निवडणुकीच्या आठ दिवस आधी, पाण्याचा हिशेब मागताना, मेयरपुढे वाकलेल्या जोजोचा फोटो उद्या गावभर काय म्हणून फिरेल, तेही शेंबड्या पोराला कळत होतं.

"सकाळी चर्चमध्ये घेतला होता तुमचा हात," जोजो म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

"आशीर्वाद काय दिवसातून एकदाच घ्यायचा असतो?"

हशा. टाळ्या. पंखे.

"मिस मेडिंग," फादर कुजबुजले, "नियम दोन."

मेडिंगला माहीत होतं नियम दोन. तिनेच लिहिला होता, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. पोरीने हात नाकारला तर तिसरी घंटा, समारोपाचं भाषण गेलं. घेतला तर भाषणाची गरजच राहिली नाही. डोमीने तिच्याच नियमांचं जाळं विणून तिच्याच हातात दिलं होतं, आणि वर हसत होता. एक वाकडा शब्द नाही. त्याच्या सभ्यतेला आयुष्यात कधी नख लागलं नव्हतं.

जोजोने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. सातव्या वर्षी कारल्याची वाटी पुढे ढकलून ती असंच बघायची: बघू, आता तू काय करतेस.

मेडिंग उठली. घंटेवर हात होता, तो तिने काढला आणि माईक घेतला.

"मेयर नुफाब्ले. नियम दोन."

"तेच म्हणतोय मी, मानांग."

"मीही तेच म्हणतेय. मी तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. वर तुझी बाप्तिस्म्याची धर्ममाता. सकाळी चर्चमध्ये तू फोटोवाल्यांचे हात घेतलेस, मांडववाल्याचा घेतलास. माझा नाही घेतलास." आणि तिने आपला हात पुढे केला, पालथा.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागे एक कोळी फिसकन हसला.

डोमीपुढे मार्ग एकच होता, आणि तो चांगला होता. म्हाताऱ्या बहिणीपुढे वाकणाऱ्या मेयरचा फोटोही वाईट येत नाही. तो हसतमुखाने आला, वाकला, तिचा हात कपाळाला टेकवला.

मेडिंगने त्याची बोटं घट्ट धरली.

"डोमी," ती म्हणाली. माईक डाव्या हातात होता, तिच्या छातीपाशी, म्हणजे डोमीच्या तोंडापाशी. "बुलुबायला पाणी शेवटचं कधी आलं?"

"मानांग, लोक बघतायत."

"म्हणूनच विचारतेय."

त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला. खडूने झिजलेल्या त्या बोटांत अजून जोर होता. या अवस्थेत, मान खाली, कपाळ तिच्या हातावर, डोमी आयुष्यात कधी खोटं बोललेला नव्हता. हा त्याचा सद्गुण नव्हे. लहानपणी याच अंतरावरून कान सापडायचा.

"आलंच नाही," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"पंप बसवलाच नाही अजून, मानांग. सोड."

ते वाक्य लाउडस्पीकरमधून कोर्टभर गेलं, मागोमाग माईकची कर्कश शिट्टी. इतका वेळ लाउडस्पीकरवर बसून राहिलेलं कबुतर तेवढं उडालं.

मग जे झालं त्याला वादसभा म्हणता येणार नाही. चोलेंग उभी राहून पक्षपात, पक्षपात असं ओरडू लागली. बुलुबायचे लोक पंपाच्या नावाने ठेका धरू लागले. फादर माईकशिवाय शांतीचं आवाहन करत राहिले. मेडिंगने घंटा उचलली आणि तीनदा वाजवली. सगळे गप्प झाले.

"पहिली, मध्ये तोंड घातल्याबद्दल," ती म्हणाली. "दुसरी, उमेदवाराचा अवयव धरल्याबद्दल. तिसरी, सूत्रसंचालकाने घरचं आणल्याबद्दल. तिन्ही मलाच. सभा फादर चालवतील." आणि घंटा काखेत मारून ती मंचावरून उतरली.

*

जोजो घरी आली ती पायऱ्यांवर चपला आपटतच.

मेडिंग वाट्या पुसत होती. इतक्या दिवसांनी एकच टेबल मांडलं होतं. कौतुकाची नाही, पण निदान एका बऱ्या शब्दाची अपेक्षा होती. तिने सवयीने हात पुढे केला. जोजोने तो पाहिला आणि तशीच उभी राहिली.

"माझा प्रश्न चोरलास तू."

"उत्तर मिळालं ना?"

"तुला मिळालं! त्याने बहिणीला उत्तर दिलं, तिया. गावाला दिलं नाही. मला तर नाहीच. माझं समारोपाचं भाषण कुणी ऐकलंय? सगळे तुझ्या हाताबद्दल बोलत होते. मासळीबाजारात आत्ता म्हणतायत, मिस मेडिंगलाच मेयर करा."

"मूर्ख आहेत."

"आणि उद्या मी मेयर झाले, मी थापा मारल्या, तर? तेव्हा कोण विचारणार मला? तू कान धरणार म्हणून गावाने थांबायचं?"

"तू थापा मारणार नाहीस."

"तियोबद्दलही तू हेच म्हणायचीस."

मेडिंगने दुसऱ्या हातातली वाटी खाली ठेवली. चिडायला जागा नव्हती, याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली.

"तू त्याला खोटारडा म्हणालीस," ती म्हणाली.

"गोड बोलून तीन वर्षं झाली होती. सुंदर अक्षरात."

बाहेर शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवला. त्याला कुठलाच नियम लागू नव्हता.

"पुढच्या शनिवारी दुसरी सभा आहे," जोजो म्हणाली. "फादर म्हणतात, त्यांच्याच्याने होणार नाही. तुलाच बसवणार. तर शनिवारी नऊ ते बारा तू माझी तिया नसशील. त्याची मानांगही नसशील. जमेल?"

"तूही माझी कुणी नसशील मग. तोंड सांभाळून बोल."

"बघू."

मेडिंगचा हात अजून तसाच हवेत होता, एव्हाना दुखू लागला होता. जोजोने तो घेतला. कपाळाला लावला नाही. सरळ केला, धरला आणि एकदा हलवला, बँकेत नव्या खातेदाराचा हलवतात तसा.

"उद्धट," मेडिंग म्हणाली आणि तिला बसायला खुर्ची ओढून दिली.

एक वाजता डोमी आला. मेडिंगला वाटलं होतं येणार नाही. पण या घराण्यात जेवण चुकवण्याइतका अपमान अजून कुणाचा झाला नव्हता. दोन्ही हातांत पान्सित मोलोचं पातेलं होतं. ते त्याने मुद्दामच बायकोकडे दिलं नव्हतं. भरल्या हातांनी कुणाचा हात कपाळाला लावता येत नाही. चोलेंग मागून मान ताठ करून आली आणि सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसली.

"सकाळची सभा छानच झाली," डोमी प्रसन्नपणे म्हणाला. "लोकशाही जिवंत आहे, मानांग."

मेडिंगने पातेल्याचं झाकण काढलं नाही. टेबलावर पडलेला एक पंखा घेतला, भावाचा चेहरा पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं: 'नियम बारा. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं. न दिल्यास घंटा.' दांडी मोडून कार्ड तेवढं डोमीसमोर सरकवलं.

त्याने वाचलं. या वेळी वाचलं.

"उत्तम नियम," तो म्हणाला. "कुणाचं दुमत असणार याला? मी तर म्हणतो, आधीच हवा होता." त्याने कार्डाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "वाढा आता."

"सही," जोजो म्हणाली.

"करतो की, इंडाय."

"कधी?"

"अगं, आपण एका घरातली माणसं. आपल्यात काय सह्या आणि काय तारखा! तू लहान असताना एकदा—"

मेडिंगने खुर्चीखालून घंटा काढली आणि वाजवली.

टेबलावरच्या वाट्या थरथरल्या. चोलेंगच्या हातातला चमचा पडला. डोमी बहिणीकडे बघतच राहिला. सत्तावन्न वर्षांत, घरात, शाळेत, मंचावर, त्याच्यासाठी ती घंटा कधी वाजली नव्हती. त्याचा चेहरा खरोखरच दुखावला, आणि त्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"मी काय वाईट बोललो?"

"काही नाही," मेडिंग म्हणाली. "तू काहीच बोलला नाहीस."

पातेल्यावरच्या झाकणाच्या फटीतून वाफ येत राहिली. कुणी झाकणाला हात लावला नाही. डोमीने एकदा चोलेंगकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग खिशातून कार्ड काढलं, घडी उलगडली, आपल्याच चेहऱ्यावरची सुरकुती अंगठ्याने सपाट केली आणि शर्टाचे खिसे चाचपू लागला.

पेन नव्हतं.

जोजोने आपलं पुढे केलं. टोपण काढून.

"घ्या, तियो," ती म्हणाली.

"थँक यू," डोमी म्हणाला, आणि पुढे काही जोडलं नाही.